सात्त्विक आहारातील स्निग्धता

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे तीन प्रकार सांगितल्यानंतर भगवान श्रीकृष्णांनी यज्ञ, तप आणि दान यांचा विचार मांडला आहे. परंतु या तिहींच्याही आधी त्यांनी आहाराला स्थान दिले आहे. रणांगणावर, शंखध्वनी होऊन गेल्यानंतर, ताटातील अन्नाचा विषय कशासाठी निघावा असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो. ज्याने संसार केला आहे, चार मुले वाढविली आहेत, वडीलधाऱ्यांचे आजारपण काढले आहे, त्याला मात्र तो पडत नाही. यज्ञ एखाद्या दिवशी होतो, तप एखाद्याच्या हातून घडते, दान सवडीने दिले जाते. पण चूल दिवसातून दोन वेळा पेटते आणि ती कोणालाच चुकत नाही.

सात्त्विक मनुष्याला प्रिय असलेल्या आहाराची लक्षणे सांगताना भगवंतांनी तो आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढविणारा असतो असे सांगून पुढे त्याचे चार गुण दिले आहेत. त्यांतील एक गुण 'स्निग्ध' हा आहे. आणि येथेच आजच्या अनेक गृहस्थाश्रमी भाविकांची अडचण होते. सकाळी पूजेनंतर ज्या पोथीत स्निग्ध अन्नाची थोरवी वाचावी, तिच्या शेजारीच वैद्यांनी दिलेला कागद पडलेला असतो आणि त्यावर तूप, लोणी, तळण यांवर काट मारलेली असते. मग काही जण पोथी खरी मानून कागद बाजूला सारतात. काही जण कागद खरा मानतात व पोथीतील शब्द जुन्या काळचा म्हणून सोडून देतात. दोघांनीही शब्द पुरता वाचलेला नसतो.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. इंदूर नगरात पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. घरातील आजी सत्तरी ओलांडलेल्या. नित्य गीतापाठ करणाऱ्या. त्यांचे यजमान छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आता मुलाने पन्नाशी गाठली आणि एके दिवशी जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली. दैवयोगाने वेळीच उपचार झाले. घरी परतल्यावर पहिल्या दिवशी आजींनी नेहमीप्रमाणे भातावर तूप वाढण्यासाठी तामली पुढे केली, तेव्हा सुनेने हलकेच त्यांचा हात धरला. "आई, डॉक्टरांनी नको म्हटलंय," एवढेच ती म्हणाली. आजी काही बोलल्या नाहीत, परंतु त्या दिवशी त्यांनीही जेवण केले नाही. संध्याकाळी मुलगा जवळ येऊन बसला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळ, तूप वाढायचं नाही, तर मी तुला वाढायचं तरी काय?"

या प्रश्नात हट्ट नाही. संस्कृत आणि मराठी या दोन्ही भाषांत 'स्नेह' या एकाच शब्दाने तेल-तूपही सांगितले जाते आणि प्रेमही. भातावरच्या तुपाला महाराष्ट्रातील घरांत 'अन्नशुद्धी' म्हणण्याची चाल आहे. ती पडल्याशिवाय पंक्तीत कोणी घास उचलीत नसे. ज्या माउलीने पन्नास वर्षे या एका पळीने आपले वात्सल्य वाढले, तिच्या हातून ती पळी काढून घेणे हे औषध बदलण्याइतके सोपे नाही. म्हणून या गोष्टीचा विचार नीट, मुळापासून झाला पाहिजे.

स्निग्ध म्हणजे ज्यात स्नेह आहे ते. त्याची शरीराला आवश्यकता आहे यात आयुर्वेद आणि आधुनिक शास्त्र यांचे दुमत नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा एक संपूर्ण अध्याय स्नेहांना वाहिलेला असून त्यांत तुपाला श्रेष्ठ मानले आहे. अर्वाचीन शास्त्रज्ञ सांगतात की अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांतच विरघळतात. पालेभाज्यांतील व गाजरातील गुण अंगी लागण्यासाठी त्यांच्यासोबत थोडा स्नेह लागतो. 1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवर प्रयोग करून दाखविले की आहारातून स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकला तर प्राणी आजारी पडतात. काही मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात. येथे गीतेतील आणखी एका शब्दाकडे लक्ष जावे. राजस आहाराच्या वर्णनात अति तिखट, अति खारट, अति उष्ण यांच्या बरोबरीने भगवंतांनी 'रूक्ष' म्हणजे कोरडे अन्नही घातले आहे. भीतीने तेलाचा थेंबही वर्ज्य करून कोरड्या भाकरीवर राहणारा मनुष्य आपण फार सात्त्विक झालो असे समजत असेल, तर त्याने सतरावा अध्याय पुन्हा एकदा उघडावा.

पण स्निग्ध हा शब्द एकटा आलेला नाही, ही खरी गोष्ट आहे. तो आरोग्य वाढविणाऱ्या अन्नाचे विशेषण म्हणून आला आहे. जे स्निग्ध आहे पण आरोग्य घटविते, ते त्या वर्णनात बसतच नाही. आणि आरोग्य केव्हा घटते, हे ठरविण्यासाठी सहाव्या अध्यायातील युक्त आहाराचा उपदेश जोडून वाचावा लागतो. तेथे भगवंत सांगतात की योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. शिवाय त्यांनी आहाराच्या जोडीला विहार, कर्मातील चेष्टा, झोप आणि जागरण या सर्वांना युक्त म्हटले आहे. एकट्या आहाराचे माप सांगितलेले नाही. ज्या आजोबांनी भाकरीवर लोण्याचा गोळा घेतला ते पहाटेपासून नांगरामागे चालत होते. नातू त्यांचाच गोळा घेतो आणि दिवसभर खुर्चीवर बसून राहतो. मग आजोबांना पचले ते मला का पचू नये, असे विचारतो. आहार तोच राहिला, विहार गेला. तेव्हा ते जेवण युक्त राहिले नाही.

माप किती, हेही आज सांगता येते. 1918 मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे वाढत जाऊन 1958 मध्ये हैदराबादेस आली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे 2000 उष्मांक लागणाऱ्या मनुष्याच्या नमुना ताटात तेल-तुपासाठी तीत सुमारे 27 ग्रॅमची जागा आहे. लहान चमच्याने मोजले तर हे पाच-साडेपाच चमचे होतात. चार माणसांच्या घरात महिन्याला, तेल, तूप, लोणी सगळे धरून, सव्वातीन किलोच्या आसपास. वाचकांपैकी ज्यांच्या घरी महिन्याला पाच किलोचा डबा संपून वर तूपही लागते त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. एक ग्रॅम स्नेहातून नऊ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम पिष्टातून चारच. म्हणून हातून थोडे जास्त पडले तरी शरीरावर त्याचा भार दुपटीहून अधिक पडतो.

इंदूरच्या त्या घरात सुनेने असा हिशेब केला, तेव्हा एक आश्चर्य उघडकीस आले. भातावरचे तूप चमच्याने मोजले तर ते सगळ्यांत कमी निघाले. यजमान हयात असताना रोज संध्याकाळी चहाबरोबर खारी, रविवारी कचोरी, आणि बशीभर शेव तर जेवणाच्या प्रत्येक पदार्थावर. तळलेल्या शेवेच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलच असते, हे घरात कोणाच्या ध्यानी नव्हते. तामलीतले तूप दिसत होते म्हणून ते गुन्हेगार ठरले, आणि जे दिसत नव्हते ते मोकळे सुटले. तूप निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्त मेदाम्लांचा असतो. अशी मेदाम्ले प्रमाणाबाहेर गेल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि हृदयाकडे जाणाऱ्या रोहिण्या आतून अरुंद होत जातात. खोबरेलात तर संपृक्ताचा अंश सुमारे 90 टक्के आहे. परंतु चमचाभर तूप आणि वाटीभर तूप यांत जे अंतर आहे, तेच दिव्यात आणि वणव्यात आहे.

या घरातील गोष्ट आणखी खोल जाते. आजी दर दिवाळीला करंज्या, शंकरपाळे, अनारसे करीत. तीस वर्षे त्यांनी ते वनस्पती तुपात तळले. साजूक तूप परवडत नव्हते, आणि पिवळ्या डब्यातले ते पांढरे, रवाळ तूप स्वच्छ दिसे, टिके, त्यातला फराळ खुसखुशीत होई. या पदार्थाचा इतिहास जाणण्यासारखा आहे. 1902 मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ज्या पॉल साबातिये यांच्या संशोधनावर ही पद्धत उभी होती त्यांना 1912 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात 'डालडा' या नावाने हा पदार्थ 1937 मध्ये बाजारात आला आणि पुढील दोन पिढ्यांत घरोघरी पोहोचला. महात्मा गांधींनी 1940 च्या दशकात 'हरिजन' पत्रातून वनस्पतीविरुद्ध लिहिले. तूप नसलेली वस्तू तुपाच्या वेषात विकली जाते, ही फसवणूक त्यांना मान्य नव्हती. तुपात होणारी भेसळ उघडकीस यावी म्हणून वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालण्याचा नियम करण्यात आला. असे तूप वितळवून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर घालून हलविले तर तिळाच्या अंशामुळे खालचे आम्ल गुलाबी-लाल होते, आणि लबाडी डोळ्यांना दिसते. साक्षीदार म्हणून बिचारा तीळ डब्यात बसविलेला होता!

परंतु त्या काळी भेसळीची चिंता झाली, तरी रोहिण्यांवर होणारा परिणाम पुरता कळला नव्हता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यातील काही मेदाम्लांची घडण बदलते. त्यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. 1990 मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटन या संशोधकांनी मनुष्यांवर प्रयोग करून दाखविले की ही मेदाम्ले अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि त्याच वेळी उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात. संपृक्त मेद निदान हे दुसरे काम करीत नाही. त्यानंतर डेन्मार्कने 2003 मध्ये त्यांवर कडक मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या कृत्रिम मेदामुळे जगात दरवर्षी पाच लाखांपर्यंत माणसे हृदयरोगाने दगावत आली, आणि 2018 मध्ये तिने सर्व राष्ट्रांना तो अन्नातून काढून टाकण्याचे आवाहन केले. भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली: जानेवारी 2021 पासून 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के.

हे सारे नातीने आजींना वाचून दाखविले. आजी पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे तुझ्या आजोबांना मीच ते खाऊ घातलं का ग?"

या प्रश्नापुढे कोणाही श्रोत्याने क्षणभर थांबावे. देशातील कितीतरी घरांत अशी माणसे आहेत की ज्यांनी प्रेमाने रांधलेले अन्नच आपल्या माणसाला घातक ठरले असावे, या विचाराने त्यांची रात्रीची झोप गेली आहे. त्यांना गीता काय सांगते? ती प्रथम हे सांगते की कर्माला पाच कारणे असतात, आणि केवळ आपणच कर्ता आहोत असे मानणाऱ्याची दृष्टी यथार्थ नव्हे. हा अठराव्या अध्यायातील विचार आहे. त्या यजमानांच्या प्रकृतीत त्यांच्या वडिलांकडून आलेला वारसा होता, तंबाखू होती, कचेरीतील बैठे काम होते, रात्रीची जागरणे होती. एका करंजीवर सगळा भार टाकणे न्यायाचे नाही. आणि दुसरे असे की ज्या काळी जे ज्ञान उपलब्ध नव्हते, त्या काळी ते न पाळल्याचा दोष निर्मळ श्रद्धेने कर्म करणाऱ्याला लागत नाही. आजींनी त्या करंज्या आधी देवापुढे ठेवल्या होत्या. पत्र, पुष्प, फळ, जल भक्तीने अर्पण केले असता ते स्वीकारण्याचे ज्यांनी वचन दिले आहे, त्यांनी तो नैवेद्य नाकारला असेल असे कोण म्हणेल? परंतु आज ज्ञान झाल्यावर, डब्यावरील अक्षरे वाचता येत असून, तेच पुढे चालू ठेवणे याला श्रद्धा म्हणता येणार नाही. त्याला आळस म्हणतात, आणि आळस हे तमाचे लक्षण आहे.

तमाचा विषय निघाला, म्हणून कढईतील उरल्या तेलाकडे वळणे प्राप्त आहे. तामस आहाराच्या वर्णनात भगवंतांनी प्रहर उलटून गेलेले, रस गेलेले, दुर्गंधी सुटलेले, शिळे असे अन्न सांगितले आहे. साधारणतः लोक याचा अर्थ रात्रीचा भात एवढाच घेतात. पण एकाच तेलात चार-चार दिवस तळण काढले जाते तेव्हा ते तेल त्या शिळ्या भातापेक्षा किती तरी अधिक रस गेलेले असते. पुनःपुन्हा तापल्याने तेलाचे विघटन होते. ते काळवंडते, चिकट होते, लवकर धुरावते, त्यावर फेस राहू लागतो. हे विघटन मोजण्याचे माप ठरलेले आहे: विघटित द्रव्यांचा अंश 25 टक्क्यांवर गेला की ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा नियम भारतात 1 जुलै 2018 पासून लागू झाला. मिठाईवाल्यांच्या कढईसाठी हा नियम आहे. घरातील कढईवर कोणी तपासनीस येत नाही, तेथे गृहिणीचे डोळे आणि नाक हेच तपासनीस. मंदिराच्या दारात प्रसाद म्हणून विकले जाणारे तळीव पदार्थ विकत घेतानाही हे डोळे उघडे ठेवण्यास हरकत नाही. देवाच्या नावाने जळके तेल शुद्ध होत नाही.

पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नीच्या रूपाने मीच राहतो आणि प्राण-अपानाच्या योगाने चतुर्विध अन्न मीच पचवितो. या वचनाचा अर्थ गृहस्थाने आपल्या घरापुरता करून पाहावा. देवापुढील समईत काळे, वास येणारे तेल घालण्यास कोणतीही सुवासिनी धजणार नाही. त्या समईसाठी वेगळी बाटली असते, वात स्वच्छ असते, तेल वाहून जाईल इतकेही कोणी घालीत नाही आणि वात कोरडी पडेल इतके कमीही ठेवीत नाही. तोच देव लेकराच्या पोटात अग्नी होऊन बसला आहे असे गीता सांगते. आणि तेथे मात्र काल-परवाच्या कढईतले तेल चालते! होमातही तूप स्रुवेने, मोजून, मंत्राबरोबर घालतात. एकदम घागर उपडी केली तर कुंडातील अग्नी भडकून वर येतो किंवा धुमसत राहतो, हे प्रत्येक याज्ञिकाला ठाऊक असते. जेवणापूर्वी ताटाभोवती पाणी फिरवून पंचप्राणांना आहुती देण्याची जी रीत आहे, तिचे मर्म हेच की पुढील प्रत्येक घास आहुतीसारखा जावा. आहुती म्हटले की माप आले, शुद्धी आली, आणि घाई गेली.

शुद्धीत व्यापाऱ्याचाही वाटा आहे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने हजारो माणसांना सूज येऊन आजार झाला आणि 60 हून अधिक माणसे मृत्यू पावली. मोहरीसारखेच दिसणारे ते बी, आणि काही पैशांचा लाभ. कृषी, गोरक्षण आणि वाणिज्य यांना गीतेने स्वभावज कर्म म्हटले असून आपापल्या कर्मानेच परमेश्वराची पूजा होते असा अठराव्या अध्यायाचा सिद्धांत आहे. ज्याने तेल विकून कोणाचे मूल आजारी पाडले, त्याने मंदिरात कितीही मोठी घंटा टांगली तरी ती पूजा कशाची? महाभारतात उद्योगपर्वात श्रीकृष्णांनी दुर्योधनाचे राजभोजन नाकारले आणि ते विदुराघरी जेवले. दुर्योधनाच्या पाकशाळेत तुपाची वाण नव्हती. परंतु जेथे प्रीती नाही आणि आपत्तीही नाही तेथे अन्न घेऊ नये, हे भगवंतांनी तेथे स्पष्ट सांगितले. प्रीती वाढविणारा आहार सात्त्विक, या सतराव्या अध्यायातील लक्षणाचा हा त्यांचा स्वतःचा आचार आहे. अन्न कोठून आले, हा प्रश्न त्यात किती आहे याच्या आधी येतो.

तेल कोणते खावे, याबद्दल अलीकडे फार वाद ऐकू येतात आणि दर दोन वर्षांनी नवे तेल अमृत ठरते. या गोंधळात पडण्याचे कारण नाही. बंगालात मोहरीचे तेल, केरळात खोबरेल, तामिळ प्रांतात तिळाचे, सौराष्ट्रात भुईमुगाचे, मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात करडईचे, विदर्भातील कित्येक घरांत जवसाचे, अशी ज्या त्या भूमीची रीत आहे. प्रत्येकात काही गुण अधिक व काही उणे. करडईत एक आवश्यक मेदाम्ल विपुल आहे. जवसात व काही अंशी मोहरीत दुसरे. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेचाही सल्ला असा की एकाच तेलावर राहू नये, दोन-तीन तेले आलटून-पालटून वापरावीत. तीळ, शेंगदाणे, जवसाची चटणी या रूपाने बियाच खाल्ल्या तर स्नेहाबरोबर चोथा आणि प्रथिनेही मिळतात, आणि पूर्वीच्या लोकांच्या ताटात डाव्या बाजूला चटणी का असे याचा उलगडा होतो. महाग तेल आणून ते दुप्पट ओतणाऱ्यापेक्षा साधे तेल मोजून घालणारा अधिक शहाणा.

उपवासाबद्दलही एक शब्द सांगणे भाग आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केली आहे, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. साबुदाण्याचे वडे, बटाट्याचे तळलेले काप, शेंगदाण्याचे लाडू यांनी जड झालेले पोट घेऊन रात्री कीर्तनात डुलक्या घेणे याला उपवास म्हणावे की काय हे ज्याचे त्याने ठरवावे. उलट पक्षी, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याने वैद्यांना न विचारता निर्जळी उपवास करणे हेही गीतेला संमत नाही. शास्त्राला सोडून देहाला आणि देहातील अंतर्यामीला कष्टविणाऱ्यांना भगवंतांनी याच सतराव्या अध्यायात फार कठोर शब्दांनी संबोधिले आहे.

इंदूरच्या घरात मग काय घडले? कोणी मोठा उपदेश केला नाही. मुलगा पुढच्या खेपेस वैद्यांकडे गेला तेव्हा आजी हट्टाने त्याच्याबरोबर गेल्या आणि त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, एक चमचा तरी चालेल का?" वैद्यांनी त्याचा रक्ताचा अहवाल पाहिला, घरातील एकूण तेलाचा हिशेब ऐकला आणि सांगितले, "आजी, तळण आणि बेकरीचं बंद करा, रोज तासभर त्याला चालायला पाठवा; मग वरणभातावर एक लहान चमचा तुम्ही वाढा. पण चमचा मी दाखवतो तेवढाच." प्रत्येक रोग्याला हेच उत्तर मिळेल असे नाही; ज्याने त्याने आपल्या वैद्यांना विचारावे. आजींना मात्र तेवढे पुरेसे होते.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातील तेलाचे माप आजींनी आपल्याकडे घेतले. महिन्याच्या एक तारखेला सव्वातीन किलोचा हिशेब करून तेल वेगळ्या बरणीत काढायचे, आणि महिना संपेपर्यंत दुसऱ्या डब्याला हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात बरणी बाविसाव्या दिवशी रिकामी झाली. उरलेले आठ दिवस सुनेने उकडलेले, भाजलेले, वाफवलेले पदार्थ केले आणि नातवंडांनी थोडी कुरकुर केली. दुसऱ्या महिन्यात ती अठ्ठाविसाव्या दिवशी संपली. दिवाळीला त्यांनी फराळ केला. चार प्रकारांऐवजी दोन, आणि त्या दिवसापुरते नवे तेल. तळण झाल्यावर सुनेने विचारले, "आई, हे उरलेलं समईला ठेवू का?"

आजींनी कढईत वाकून पाहिले. "समईला नको," त्या म्हणाल्या, "आणि आपल्यालाही नको." आणि हात धुऊन त्या तुळशीजवळ पणत्या लावण्यासाठी तिळाच्या तेलाची बाटली घेऊन अंगणात गेल्या.